मान डावीकडे, सोयरीक उजवीकडे

अमडापूर,
७ जानेवारी २०२५

प्रिय मंजुळा,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत, फक्त माझी मान सोडून.

फोन का केला नाही म्हणशील. माझा फोन तुझ्या वहिनीने, कोकिळाने, कपाटात कुलूपबंद केला आहे, कारण डॉक्टरांनी मान खाली घालून मोबाईल पाहायला मनाई केली. तिच्या फोनवरून करावा, तर तुझ्याकडे फोन निवृत्तीरावच उचलतात. तुझा नवरा माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि माझ्या ऋत्विकसाठी लोणारची सोयरीक त्यांनीच आणलेली. त्यांना कळलं की मुलीच्या वडिलांना, शालिग्रामजींना, कळलंच म्हणून समज. तेव्हा हे पत्र वाच आणि चुलीत घाल.

झालं असं. रविवारी लोणारला मुलगी पाहायला जायचं, म्हणून शनिवारी बसस्टँडवरच्या न्हाव्याकडे गेलो. कटिंग केली, मिशीला कलप लावला. मुलाचं जमतंय म्हणून त्यालाही आनंद झाला आणि त्याने फुकटात डोक्याची मालिश केली. शेवटी हनुवटी धरून मान डावीकडे मोडली. कट्‌कन वाजली. लई बरं वाटलं. मग उजवीकडे मोडायला गेला तर मान येईचना! दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाला, "काका, आता गिऱ्हाईक हाय. उद्या येजा, दुसरी बाजू करून देतो."

सकाळी उठलो तर तोंड डावीकडे ते डावीकडेच. कोकिळा म्हणाली, "तिकडे गेल्यावर सांगून टाकू, मान धरली म्हून." मी म्हटलं, खबरदार. सोयरीक जमेपर्यंत घरातलं दुखणं उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं. उद्या म्हणतील, सून नाही, सासऱ्याची सेवा करायला नर्स नेत आहेत.

पण नशीब पाहा. मला खुर्ची दिली ती भिंतीकडची. शालिग्रामजी, मुलीचे काका, मामा, स्वतः मुलगी, सगळे उजवीकडे. डावीकडे काचेचं शोकेस आणि त्यात एक प्लास्टिकचा पोपट. पूर्ण वेळ मी पोपटाकडे पाहत होतो. मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा मला ताटली दिसली आणि ताटली धरलेला हात. मनगटाला घड्याळ, नखं बारीक कापलेली. एवढी आपली होणारी सून मी पाहिली. फोटो आधी पाहिला होता, पण तो मोबाईलवाल्यांनी इतका उजळ केला होता की भिंत कुठे संपते आणि चेहरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

शेवटी शालिग्रामजींनी विचारलं, "मग, पोरगी पसंत हाय ना?" मी मान हलवायला गेलो. खाली जाईना, वर जाईना. जोर लावला तशी आडवी हलली, नाही म्हणतात तशी.

आता खरं सांगतो, मला झोप नाही. ऋत्विक शेडनेटमध्ये टोमॅटो, ढोबळी मिरची पिकवतो, चांगला कमावतो. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, नोकरी कुठे आहे? तिथेच चहा थंड व्हायचा. ही पहिली मुलगी, जिने शेडनेटमध्ये कीड कशी आवरता ते विचारलं. दोघं गच्चीवर बोलायला गेले आणि हसत खाली आले. माझ्या मानेपायी हे मोडलं तर मी पोराला कोणतं तोंड दाखवू? एकच बाजू आहे दाखवायला.

शालिग्रामजीही काही कमी नाहीत. नमस्काराला वाकले नाहीत, पंगतीत खाली बसले नाहीत, उभ्यानेच जेवले. भारी ताठा आहे माणसाला.

ते जाऊ दे. तू पायाळू जन्मलीस. लहानपणी अख्ख्या गावाच्या कमरा तू पाय लावून सरळ केल्यास. एक दिवस ये आणि माझ्या मानेला पाय लावून जा. निवृत्तीरावांना काहीही कारण सांग.

तुझा दादा,
उकंडराव


सोनाळा,
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
मंजुळाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि पदर तोंडात कोंबून हसले. मग रडायला आलं, कारण इकडे गोष्ट बिघडली आहे.

शालिग्रामजींचा फोन आला होता. ह्यांनी स्पीकर लावला, त्यामुळे मी, सासूबाई आणि दळण घेऊन आलेल्या तानाबाई, सगळ्यांनी ऐकलं. ते म्हणाले, "निवृत्तीराव, तुमच्या मेव्हण्यानं पुरा येळ आमच्या पोपटाकडं पाह्यलं. आमच्याकडं एकदा बी नाही. अन् पसंत हाय का म्हणलं तं मुंडी हलवली. आमची लेक काय पडून राह्यली का?" मुलीसाठी जालन्याकडचं एक स्थळ येऊन बसलं आहे, मुलगा बँकेत. शालिग्रामजी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले, तेही मुलीने हट्ट धरला म्हणून. आता कर हिशोब.

माझं ऐक, खरं सांगून टाक. मान धरणं म्हणजे काही महारोग नाही. तू म्हणत असशील तर मी ह्यांच्या कानावर घालते, तासाभरात लोणारला पोचेल.

पाय लावायचं मात्र नाव काढू नकोस. थोरल्या भावाला लाथ मारू? आणि सासरी अजून कोणाला माहीत नाही मी पायाळू आहे ते. लग्नाच्या वेळी आईने बजावलं होतं, तिकडे बोलू नको, नाहीतर रोज सकाळी दारात रांग लागेल आणि तुला चूल पेटवायला सवड मिळणार नाही. ह्यांना कळलं तर हे चौकात फलक लावतील. इतकी वर्षं झाकलं, ते तुझ्या मानेसाठी उघडं करू का?

त्यापेक्षा आधी उशी उन्हात ठेव. मान उशीवर धरते, तर उन्हंही उशीलाच द्यायची. मग मिठाची पोटळी गरम करून शेक, आणि निर्गुडीचा पाला मिळाला तर तो बांध. तुमच्याकडच्या भिमाबाई काशाच्या वाटीने घासतात, त्यांनाही विचार. आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नको. सगळं करून पाहा, ज्याने गुण येईल ते माझ्याच सांगण्यातलं होतं असं समज.

संक्रांतीचा तीळगूळ पाठवते आहे. चावताना मान हलवू नको.

तुझी
मंजुळा


अमडापूर,
१७ जानेवारी २०२५

प्रिय मंजुळा,
अनेक आशीर्वाद.

निवृत्तीरावांना काही सांगायचं नाही. मी मान सरळ करून लोणारला जाईन आणि शालिग्रामजींच्या डोळ्यांत पाहून हो म्हणेन. आता दुखणं सांगितलं तर म्हणतील बहाणा करतोय.

उपचारांचं विचारशील तर मी आता या विषयात बराच शिकलो आहे. डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले वयाप्रमाणे मणके झिजलेत, घाबरण्यासारखं काही नाही, आणि न्हाव्याला पुन्हा मान देऊ नका. गळ्याला पट्टा दिला, थोडेच दिवस लावा म्हणाले. पट्ट्याने मान वर राहते आणि माणूस एकदम साहेब दिसतो. पण पट्टा लावून भाकर खाता येत नाही, जबडा वरच्या वर राहतो. वरून मफलर गुंडाळतो, थंडीचे दिवस म्हणून कोणी विचारत नाही. गोळ्यांनी दुखणं गेलं, पण त्याबरोबर मीही गेलो. बाजारात मेथीच्या जुड्यांवर डोकं ठेवून झोपलो आणि एका बाईने मला हलवून उठवलं, का तर खालची जुडी ताजी दिसत होती.

मिठाची पोटळी गरम असते तोवर स्वर्ग, गार झाली की आपण जमिनीवर. भिमाबाईला बोलावलं तर तिने काशाची वाटी घेऊन माझे तळपाय घासायला घेतले. म्हटलं, दुखते मान आन घासून राह्यली पाय? म्हणे, "मानीची नस तेथूनच निंघते. तुम्ही शिकेल हा का मी?" झोप मात्र छान लागली.

तुझ्या उशीची कथा वेगळी. कोकिळाने ती माळवदावर उन्हात ठेवली आणि माकडाने पळवली. आता मान माझी धरलेली आणि उशी घेऊन माकड लिंबावर. दोन रात्री बिनउशीचा झोपलो तर सकाळी मान थोडी हलकी वाटली. आतापर्यंतच्या सगळ्या उपचारांत माकडाचा उपचार उजवा, आणि फुकटचा.

शेवटी ऋत्विकने आग्रह धरला. "बाबा, चिखलीले एक फिजिओथेरपीवाल्या मॅडम हायेत. थ्या गोळ्या नाई देत, व्यायाम शिकवतात. चाला, मी नेतो." हा पोरगा एरवी मला बाजारात न्यायलाही कुरकुर करतो. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून मोटारसायकल काढली.

मॅडमच्या तोंडाला मास्क. माझी मान डावीकडे, त्या उभ्या उजवीकडे. मग त्यांनी मला टेबलावर पालथं झोपवलं. त्या टेबलाला तोंडापुरतं भोक असतं, त्यात चेहरा घालायचा. खाली फरशी दिसते आणि मॅडमचे बूट. पांढरे, निळ्या नाड्यांचे.

"काका, कधीपासून दुखतं?" त्यांनी विचारलं.

"पोरगी पाह्याले गेलो तव्हापासून."

त्यांना खोकल्याची उबळ आली, बराच वेळ खोकत होत्या. मग मी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. मंजुळा, बारा गावांत ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाला मन मोकळं करून सांगण्यात फार सुख असतं. फक्त शालिग्रामजींबद्दल बोललो, की खांब गिळल्यावाणी ताठ माणूस हाय थो, तेव्हा मॅडमचं कोपर माझ्या खांद्यात असं रुतलं की डोळ्यांपुढे पोपट आला.

पुन्हा बोलावलं आहे. म्हणाल्या, उशी गेली ते चांगलंच झालं, फार उंच असणार.

तुझा दादा,
उकंडराव


सोनाळा,
२१ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

माकडाला माझा नमस्कार सांग. मी उशी उन्हात ठेव म्हटलं म्हणून ती माकडाने नेली, तेव्हा गुण माझाच.

इकडे हे रोज फोन घेऊन अंगणात फिरतात. कधी शालिग्रामजींना समजावतात, कधी बँकेतल्या मुलाच्या मामांकडून माहिती काढतात. त्या मुलाचं स्वतःचं घर आहे म्हणे. ऐकून मला जेवण गेलं नाही. ऋत्विकला मी या हातांनी न्हाऊ घातलं आहे. वावरात राबणारा पोरगा म्हणून किती जणांनी त्याला नाकारलं ते मला ठाऊक आहे, आणि आता मुलगी हो म्हणते तर बापाची मुंडी नाही म्हणते!

मी ठरवलं आहे, ह्यांच्याबरोबर लोणारला जाते. बाईमाणूस स्वयंपाकघरात शिरलं की घराचा कल कळतो. तुझं गुपित मी फोडणार नाही, भिऊ नकोस. फक्त पाहून येते.

तू त्या मॅडमकडे जात राहा, पण दादा, तोंड आवर. चिखली काही परदेशात नाही. कोण कोणाचं निघेल सांगता येत नाही. त्यांचं नाव तरी विचारलंस का? आणि ऋत्विक शर्टाला इस्त्री कधीपासून करायला लागला? माझ्याकडे दिवाळीला आला तेव्हा सुरकुतलेल्या टी-शर्टात होता.

तुझी
मंजुळा


अमडापूर,
२६ जानेवारी २०२५

प्रिय मंजुळा,
अनेक आशीर्वाद.

आज झेंड्याला गेलो होतो. झेंडा वर चढला तेव्हा मला तो थेट दिसला. म्हणजे मान समोर येऊ लागली! उजवीकडे अजून जात नाही, पण पोपटाच्या तावडीतून सुटलो.

मॅडम व्यायाम देतात. हनुवटी मागे ढकला, खांदे फिरवा, हाताने डोक्याला रेटा आणि डोक्याने हाताला. घरी आरशापुढे करतो. कोकिळा म्हणते, तुमचं न आरशाचं भांडण चालू हाय असं दिसते. पण गोळी नाही, पट्टा सुटला, झोप लागते. सगळं तुलना करून सांगतो: शेक चांगला पण पुरत नाही, गोळी लागेल तेव्हाच घ्यावी, पट्ट्याची सवय लावू नये, आणि व्यायाम कंटाळवाणा पण खरा. न्हाव्याचं नाव काढू नये. हे सगळं मॅडमचंच बोलणं आहे, मी फक्त माझ्या तोंडाने सांगतो आहे.

नाव विचारायचं राहिलं. सगळे मॅडमच म्हणतात. ऋत्विकला विचारलं तर त्याला नेमका तेव्हाच टोमॅटोवाल्याचा फोन आला.

परवा त्यांनी विचारलं, "काका, मुलगी कशी होती हो?"

म्हटलं, "मॅडम, कोणाले सांगू नका. म्या पोरगी पाह्यलीच नाई. म्या पोपट पाह्यला."

"मग तुम्हाला सून कशी पाहिजे?"

भोकात तोंड असलं की माणूस खोटं बोलत नाही. मी म्हटलं, "मले काय पायजे? माह्या पोरासंग हसली पायजे. थे दोघं गच्चीवरून हसत आले, थे म्या आयकलं. दोन वर्षांपासून माहा पोरगा घरात हू आन चू करत नव्हता. मुलीवाले नाई म्हणून जात, आन हा शेडनेटमधी जाऊन बसे. त्या दिवशी हसला. आता माह्या मानेपायी थे गेलं तं म्या मान सरळ करून करू काय?"

"मग सांगून का नाही टाकलं त्यांना?"

"म्हणतील, सेवेसाठी पोरगी नेऊन राह्यले. कोणाच्या लेकीनं माही मान दाबाले माह्या घरी नाई यावं. तिनं माह्या पोरासाठी यावं."

मॅडमचे हात थांबले. मला वाटलं, वेळ संपली. पण बूट तिथेच होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "त्या ताठ माणसाचीही काही अडचण असेल, काका." मी म्हटलं, असंल, पण अडचणीत माणूस वाकते, थो वाकत नाई. त्यावर त्या फस्‌कन हसल्या आणि पुढची पाच मिनिटं त्यांचा हात नीट चालेना.

महिना संपत आला. लोणारची काय खबर?

तुझा दादा,
उकंडराव


सोनाळा,
३१ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, आधी खाली बस. टेकून बस. मान सांभाळ.

मी लोणारला जाऊन आले. पोपट पाहिला, छान आहे. शालिग्रामजी दारात उभे होते, ताठ, तू म्हणालास तसेच. ह्यांना पाहून हात जोडले, वाकले नाहीत. मलाही राग आला. मग सुपारीचा डबा घ्यायला त्यांनी हात वर केला, सदरा वर सरकला, आणि आत हा एवढा रुंद पट्टा! कमरेचा. तुम्ही पाहायला येणार म्हणून घर आवरताना त्यांनी एकट्याने फ्रिज सरकवला होता, त्यात कंबर धरली. वाकायला, खाली बसायला मनाई. आणि का लपवलं माहीत आहे? म्हणे, मुलाकडचे म्हणतील, बाप दुखणेकरी, उद्या सगळा भार जावयावर. लेकीला शपथ घातली होती, बोलायचं नाही म्हणून. दोन ताठ माणसं एका खोलीत बसली, एकाला वळता येईना, एकाला वाकता येईना, आणि दोघंही एकमेकांना घमेंडखोर म्हणत घरी गेली.

आता दुसरी गोष्ट. मुलगी, अर्पिता, मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चहा टाकला, आणि म्हणाली, "आत्या, तुमच्या दादांची मान आता समोर येते. उजवीकडे अजून थोडी राहिली आहे."

दादा, ती चिखलीला नोकरी करते. दवाखान्यात. तू बायोडाटा वाचलास, "मेडिकल लाईन" पाहून तुला वाटलं गोळ्यांच्या दुकानात असेल. स्वयंपाकघराच्या दाराशी बूट काढलेले होते. पांढरे. नाड्यांचा रंग मी सांगत नाही.

तुझी मान तिने त्या दिवशी उंबऱ्यातच ओळखली होती. गच्चीवर तिने ऋत्विकला सांगितलं, तुमच्या बाबांना चिखलीला आणा, पण मी कोण ते कळू देऊ नका. वहिनीलाही माहीत आहे. मी विचारलं, "बाई, मग लपवलंस कशाला?" तर म्हणते, "आत्या, तुम्ही सगळे मला पाहायला आलात. मग मीही एकदा नीट पाहून घेतलं, सासरे कसे आहेत ते. चहा-पोह्यांत माणूस कळत नाही. टेबलावर कळतो." आणि डोळे पुसले तिने. तू काय बोलला होतास ते तिने मला शब्दशः सांगितलं. खांब गिळल्याचंही सांगितलं.

मग तिने बापापुढे जाऊन दोघांचंही उघड केलं. "बाबा, त्यांची मान धरली हाय. तुमचा पोपट त्यांना आवडला म्हणून नाही पाह्यला त्यांनी." शालिग्रामजी इतके हसले की कंबर धरून भिंतीला टेकले. बँकेतल्या मुलाला त्यांनी निरोप धाडला आहे. पण एक अट घातली: "नकार ज्या मुंडीनं आला, होकार बी त्याच मुंडीनं पायजे." सोळा फेब्रुवारीला साक्षगंध ठेवू म्हणतात, मुंडी हलली तर.

हे सगळं चाललं तेव्हा आमचे हे बाहेर सरोवर पाहायला आलेल्या माणसांना रस्ता सांगत होते. म्हणून बातमी अजून जिल्हाभर झाली नाही. घाई कर.

तुझी
मंजुळा


अमडापूर,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजुळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर मफलर डोक्यावरून घेऊन बसलो. मुलीच्या तोंडावर तिच्या बापाला मी काय काय बोललो! कोकिळाला म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणे, "मले माहीत होतं म्हून तं मी तुमचा फोन बंद करून ठेवला. कोणी तिचा फोटो धाडला असता तं?" या घरात मला सोडून सगळ्यांची डोकी चालतात.

काल चिखलीला गेलो. ऋत्विकला म्हटलं, तू बाहेर थांब. तर तो आधीच बाहेर थांबला होता, रस्त्याच्या पलीकडे, पाठ करून.

टेबलावर झोपलो नाही. खुर्चीवर बसलो. ती उजवीकडे उभी राहिली, मुद्दामच. मास्क काढला होता, हे मला नुसत्या आवाजावरून कळलं. म्हणाली, "बाबा, आज उजवीकडे वळून पाहा. घाई नका करू. दुखलं की थांबा."

काका नाही म्हणाली, बाबा म्हणाली.

मी वळवली. कुरकुरली, अडली, पुन्हा निघाली. आधी खिडकी आली, मग भिंतीवरचा हाडांच्या सापळ्याचा तक्ता, मग तिचा खांदा, आणि मग ती. मंजुळा, गव्हाळ रंग, डाव्या गालावर तीळ, हसू दाबताना खालचा ओठ दाताखाली धरते. फोटोतल्यापेक्षा कितीतरी चांगली. मी म्हटलं, "माय, म्या तुह्या बापाले लय बोललो."

"मीही कोपर जोरात लावलं होतं," ती म्हणाली. "फिटलं."

मग म्हणाली, "आता शेवटचा व्यायाम. हनुवटी छातीकडे न्या, मग वर. हळूहळू." मी नेली. खाली गेली, वर आली. एक महिना जी मान खाली गेली नव्हती ती गेली.

ती समोर येऊन वाकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा होकार धरू का?"

मी पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. करतच राहिलो. शेवटी तिनेच दोन्ही हातांनी माझं डोकं धरून थांबवलं. "पुरे, बाबा. एवढा होकार एकदम दिला तर उद्या दुखेल."

घरी येताना ऋत्विकच्या मागे बसून मी चिखलीपासून अमडापूरपर्यंत उजवीकडची सगळी शेतं पाहिली. हरभरा छान आला आहे यंदा.

सोळाला ये. निवृत्तीरावांना आता काय सांगायचं ते सांग.

तुझा दादा,
उकंडराव


सोनाळा,
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

साक्षगंध देखणं झालं. तू भर मंडपात मान हलवलीस तेव्हा शालिग्रामजींनी टाळ्या वाजवल्या आणि बिचाऱ्या वाजंत्रीवाल्यांनी अक्षता पडल्या समजून वाजवायला सुरुवात केली. अर्पिता ऋत्विककडे पाहून हसत होती. ते पाहून माझं पोट भरलं, जेवण राहिलं तरी चाललं असतं.

पण दादा, तुझी मान सुटली आणि त्याबरोबर जीभही सुटली. शालिग्रामजी व्याहीभेटीला वाकू शकेनात म्हणून तू माईकवर सांगावंस? "काही काळजी नाई, माही बहीण पायाळू हाय!" माझी सासू तिथे, ह्यांची सगळी भावकी तिथे. त्या माणसाने लगेच सतरंजीवर पालथं पडून घेतलं, मी काय करणार? अर्पिता कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, हलकाच लावा, मग व्यायाम मी करून घेते." मी अंगठा नुसता टेकवला. ते उठून चालायला लागले आणि मंडपातल्या निम्म्या माणसांच्या कमरा एकदम दुखायला लागल्या. तू जेवत होतास तेव्हा मी पाय लावत होते.

आता इथली हकिगत ऐक. आईने सांगितलं होतं तसंच झालं. पहाटे दार उघडलं की रांग. वानखेडहून माणसं येतात, परवा एकाने बैल आणला. हे दारात खुर्ची टाकून बसतात, नंबर देतात आणि प्रत्येकाला तुझ्या मानेची गोष्ट पोपटासकट सांगतात. मी सगळ्यांना पाय लावते आणि वर तुझ्या सुनेचा पत्ता देते, चिखलीचा. ती म्हणते, आत्या, माझ्याकडे आता तुमचीच माणसं जास्त.

काल सकाळी रांगेच्या शेवटी हे स्वतः उभे होते, डोकं डावीकडे झुकवून. दिवसभर कान आणि खांद्यात फोन धरून लोकांना माझी कीर्ती सांगत होते, त्यात ह्यांचीच मान धरली. म्हणाले, "मंजुळे, लोकाईले लावते, मले बी लाव ना."

थोरल्या भावाला लाथ मारायची नसते, दादा. नवऱ्याबद्दल आईने काही सांगितलं नव्हतं. ह्यांना जरा जोरातच लावली.

तुझी
मंजुळा